पंखावरचा केशरी ठिपका

टिकली? मला, नूरजहाँला, टिकली लावून यायला सांगतेस? रुही, नात आहेस म्हणून कालपासून ऐकून घेतेय — दुसरं कुणी असतं तर पौडच्या बाजारात उभं करून सोलून काढलं असतं. हो, कळलं, त्या नव्या घराचा जिना चढेपर्यंतच लावायची. घरमालक खालीच राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळतो, मुसलमानांना फ्लॅट देत नाही — तेही कळलं. म्हणून भाडेकरार तुझ्या मैत्रिणीच्या, त्या जुईलीच्या नावावर, आणि तू तिची मावसबहीण क्षितिजा. मग मी कोण? क्षितिजाची आजी. वा गं वा!

बस. दमले मी. ते पुस्तक दे इकडं — तूच आणलेलं, बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले तेच. हा बघ, न्यू गिनीचा पतंग. केवढा मोठा! दिवसा उडतो, चवीला वाईट असणार, पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि हे फुलपाखरू, त्याचं सोंग घेतलेलं. ओळख बरं, कुठलं कुठलं? नाही ना येत? मलाही लई दिवस आलं नाही. पतंगाचं पोट खालून केशरी. फुलपाखराचं पोट मात्र मळकं ते मळकंच — मग त्याचा केशरी ठिपका कुठं? पंखाच्या कडेला! बरोबर पोटाशी येईल असा. टिकलीच की ती. पण डोक्यावरची मिशी बघ — फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाच्या नसते; ती काही त्याला लपवता आली नाही.

लबाड? मी कुठं लबाड म्हटलं त्याला? जगायचं असतं गं त्यालाही. तू रोज दोन बस बदलून हिंजवडीला जातेस, घरी आल्यावर बूट काढायचं त्राण नसतं तुला — दिसत नाही का मला? घर पाहिजेच. म्हणून तर सकाळी, तू अंघोळीला गेलीस तेव्हा — हसू नकोस — तुझ्या पर्समधली टिकली लावून आरशात बघितलं मी. बरी दिसत होते. तेच तर सलतंय — मला कुणीसुद्धा अडवलं नसतं, आणि त्या जिन्यात तू मला नानी म्हणून हाक मारली नसतीस.

पुस्तक ठेव जागेवर. जा, घे ते घर, मी काही यायची नाही — पण माझ्या मयताचा फोन तिथंच येईल, तेव्हा कुणाची नानी गेली म्हणून रडायचं, तेवढं आधी ठरवून ठेव.