हत्तिणीची चाल

प्रसूतीच्या दवाखान्यात नोंदवहीत मान घातलेल्या नर्सबाईंचे कान समोरच्या बाकावरच्या मायलेकींकडे लागले होते. लेकीचे दिवस अगदी भरत आले होते.

“आई, फोनवर हे बघ! हत्तिणीचा तो गाजलेला ॲनिमेशन सिनेमा करायच्या आधी करून बघितलेला तुकडा सापडलाय. तीस वर्षं कपाटात पडून होता म्हणे.”

“पाहिला. तुझ्या बाबांच्याच हातचा आहे तो.”

“मग यातली हत्तीण सिनेमातल्यासारखी तुरुतुरु का चालत नाही?”

“ही चाल साहेबांना फार संथ वाटली. बदलायला लावली.”

“पण काय गोड डुलतेय! बाबांनी हत्तीण बघितली तरी कुठे?”

“हत्तीण कुठली? मला बघितलं.”

“काय!”

“हळू बोल. तुझ्या वेळी नववा लागला होता मला. ऑफिसच्या बोळात कॅमेरा लावला आणि म्हणे, ‘परत ये, पुन्हा चाल.’ अकरा वेळा! पाय हे एवढे सुजलेले. तू जन्मेपर्यंत अबोला धरला होता मी.”

“म्हणजे मीपण आहे यात!”

“आहेस ना. लाथा मारत होतीस.”

नर्सबाईंनी लेकीला आत बोलावलं. ती कमरेवर हात टेकून उठली आणि डुलत डुलत दारापर्यंत गेली. अख्खा बाक बघत राहिला.

“अगं, थांब, थांब!” आईने घाईघाईने पर्समधून फोन काढला. “बाबांना पाठवते. परत ये, पुन्हा चाल.”