बचुलीनं दिलेला अर्ज

बसा हो मॅडम, बसा, तो कागद आणखी पुढे करू नका, पाहिला मी — चष्मा नसला म्हणून काय झालं, खाली बचुलीची सही आहे ना? आणि मध्ये हे माझं नाव, खष्टी देवी, गाव सिमखोली — दोन्ही ओळखते मी. ओळखणार नाही? ती सही मीच शिकवली तिला, ह्याच चुलीपुढं, राखेत बोट फिरवून फिरवून, बँकेत अंगठा लावायला लाजायची म्हणून. आणि आज तीच सही माझ्याविरुद्ध! केसानं गळा कापला हो बाईनं. तीस वर्षं एका डोंगरावर गवत कापलं आम्ही, एकीचं बाळंतपण दुसरीनं केलं — थांबा, मला बोलू द्या आधी, मग वाचा तुमचं. चहा घ्या. गुळाचा खडा दातात धरा नि वरून घोट घ्या, आम्ही साखर घालत नाही.

तक्रार कसली असणार, मला ठाऊक आहे. खालच्या पट्टीतली बारा झाडं. हो, आहेत. अक्रोडामागं. सासूनं राखलेल्या बियांची, जुनी, आमच्या डोंगरची भांग, सरकारी परवान्यातली नाही. का लावली? अहो, तुमच्या त्या परवान्याच्या बियांची चटणी वाटून बघा एकदा — नुसती माती! गडेरीच्या कंदांच्या भाजीत त्या बियांचा रस घातला तर नवरा विचारतो, बरं नाही का तुला आज. आणि तो भुवन, परवान्याचं बी देणाऱ्या कंपनीचा माणूस, त्यानं अंगणात बसवून शिकवलं आम्हा बायांना — काकी, या झाडात दोन गुण असतात, एक टीएचसी, त्यानं डोकं फिरतं, आणि एक सीबीडी, त्यानं डोकं फिरत नाही, दुखणं उतरतं, झोप लागते, शहरात लोक डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचं तेल घेतात. नशेचा गुण शंभरात तीन दशांशापर्यंत असला तर तुम्ही शेतकरी, त्याच्या वर गेला तर — त्यानं मनगटं अशी जोडून दाखवली, बेड्या घातल्यासारखी. बी खा, चालतं. पान तेलाला द्या, त्याचा परवाना वेगळा, पण चालतं. फुलाचा तुरा घरात ठेवला की गांजा, मग सरळ तुरुंग. एक झाड आणि कायदे किती! मी म्हटलं, भुवन, आमच्या म्हशीनं शेंडा खाल्ला तर धरणार कुणाला? हसल्या सगळ्या. बचुली तर डोळे पुसत हसली.

मग हिनं सांगितलं का, म्हणाल. जळते, दुसरं काय. भाद्रपदात तुमच्याच कचेरीच्या लोकांनी तिच्या शेताचा नमुना नेला. नशेचा गुण एक पूर्णांक दोन दशांश निघाला. सगळं उपटलं, तिथंच जाळलं, परवानाही गेला. नवरा नाही, मुलगी सासरी, दुसरं शेत नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली हो ती. मी भुवनला शिव्या घातल्या, कंपनीच्या सात पिढ्या काढल्या, तिला माझ्या हातानं भात भरवला. आणि माझा नमुना पास झाला. तेव्हापासून तिच्या पोटात दुखत असणार — माझं जाळलं, हिचं का नाही? म्हणून बारा झाडं सांगून मोकळी झाली. तिच्याशिवाय माहीत कुणाला होती ती? खाल्ल्या घरचे वासे मोजले!

काय? बी? बियांचं काय आता — कंपनीचंच होतं तिचं. म्हणजे — माझ्याकडून गेलं. चैतात उंदरांनी तिचं पोतं फस्त केलं, भुवन येतो वर्षातून एकदा, मग संध्याकाळी पदर पसरून दारात उभी. आमच्यात बी मागितलं तर नाही म्हणत नाहीत मॅडम. घरात सुतक असलं तरी नाही म्हणत नाहीत. विकायचं नाही, मोजायचं नाही, ओंजळीनं द्यायचं. दिलं मी. नाही म्हटलं नाही. — कुठलं म्हणजे? दोनच तर मडकी आहेत घरात, एक कंपनीचं, एक सासूचं — अशा काय बघता? कंपनीचं माझंच मला पुरणार नव्हतं! आणि खरं सांगू का पोरी, आदल्या वर्षी तो भुवन माझ्या शेतात उभा राहून, माझ्या नवऱ्यासमोर म्हणाला होता, पीक असावं तर बचुलीकाकीसारखं. माझ्या शेतात! लागलं ते मला. वर्षभर लागून राहिलं. सासूच्या मडक्यातलं दिलं मी तिला. वर दोन मुठी कंपनीचं पसरलं, रंग कळू नये म्हणून. वाटलं, एवढ्याशा तुकड्याचा नमुना कोण नेतोय. ती पाया पडली माझ्या, दीदी दीदी करत. आणि जाळलं त्या दिवशी मी वरच्या बांधावर उभी होते. एक शब्द बोलायचा होता फक्त. नाही बोलले. बोलले असते तर तिचं वाचलं असतं का, सांगा ना? दोघींचं गेलं असतं. एकीचं तर राहिलं!

पण म्हणून तिनं माझी बारा झाडं सांगावीत? मी तिला — नाही? झाडांचं काहीच नाही त्यात? एकाही झाडाचं नाही? मग माझं नाव कशाला घातलंय? वाचा. वाचा ना! मघापासून मीच बडबडतेय, तुम्ही अडवायचं नाही का मला?

तेवढं पुन्हा वाचा. सावकाश. — ‘बी मला खष्टीदीदीनं तिच्या परवान्याच्या बियांतलं दिलं होतं. माझी चूक नाही, माझा परवाना परत द्यावा. दीदीला विचारा. ती सांगेल तेच खरं धरा.’

असं लिहिलंय? तेच खरं धरा?

पेन बंद करा ते मॅडम. नाही, जबाबावर सही नाही करत मी, आत्ता नाही. चहा राहिला तर राहू द्या. उठा, म्हशी सोडायच्यात मला. जा म्हटलं ना — आणि खालच्या वाटेनं नका जाऊ, ती तिच्या अंगणातून जाते, अडवून विचारेल ती तुम्हाला. वरची धरा. लांब पडेल, पण वरचीच धरा.