सगुणाबाईंनी पखवाज उन्हात ठेवला

हां मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, मांडी मोकळी करा आणि ऐका. आज तुम्हाला एक प्रश्न घालतो. दिसायला सोपा आहे, पण उत्तर द्यायला उठाल तर फसाल!

देह नाशिवंत आहे — आहे ना? मान हलवा की, मान हलवायला काय लागतं! आज आहे, उद्या नाही. शेवटी चार जणांच्या खांद्यावरूनच जायचा. मग मला सांगा, जो जाणारच आहे त्याला तेल कशाला लावायचं? त्याची निगा कशाला?

बघा, मागे खांबाला टेकलेले काका लगेच म्हणाले, "बरोबर आहे महाराज, कशाला!" अहो काका — तुम्ही सकाळी डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास इथपर्यंत येतोय! जास्वंदीचं आहे ना? मग! म्हणजे आपलं वैराग्य कुठवर? दुसऱ्याच्या देहापर्यंत!

तर या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. उत्तर दिलं ते सगुणाबाईंनी. आणि कसं दिलं, ते ऐका.

माणदेशाच्या उघड्या माळावर एक गाव. नाव पाणमळे. पाणी म्हणाल तर तेवढं नावातच! थंडीचे दिवस सुरू झाले की असा कोरडा वारा सुटतो — ओठ फुटतात, टाचा फुटतात, हसायला तोंड उघडावं तर हसूसुद्धा फुटतं! त्या गावात आबाजी आणि सगुणाबाई हे जोडपं राहत होतं. एकच मुलगी, शालन. तिचं लग्न ठरलेलं, माघातला मुहूर्त.

आबाजी पखवाज वाजवायचे. आणि वाजवायचे म्हणजे कसे? बोट पडलं की समोरच्याची मान आपोआप डोलायची! पंचक्रोशीत नाव. पण या माणसाला एक खोड होती. उठता बसता एकच बोलणं — "देह म्हणजे मातीचं मडकं!" बायको म्हणाली, पाठ दुखतेय — "मडकं आहे, दुखणारच!" बायको म्हणाली, टाचेतून रक्त येतंय — "मडकं आहे, तडा जाणारच!"

आणि पखवाज? पखवाज मात्र मडकं नव्हतं हां! त्याला मऊ कापडाची खोळ. खोळीवर शाल. वारा लागू नये म्हणून कोनाड्यात, ऊन लागू नये म्हणून कोनाड्याला पडदा! पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो गंभीर बोलतो. ती कणीक कुठून यायची? सगुणाबाईंच्या परातीतून! भाकरी थापता थापता बाई उठायच्या, मूठभर गव्हाची कणीक मळायच्या. "मऊ पाहिजे हां," आबाजी बजावायचे, "कोरडी पडली तर आवाज जातो!"

अहो, आवाज जातो! आणि घरात एक बाई चोवीस वर्षं कोरडी पडत चालली होती, तिचा आवाज कुणाला ऐकू येत होता?

सगुणाबाईंचं वय त्रेचाळीस. त्रेचाळीस म्हणजे काय वय आहे? पण बाई दिवसभर वाऱ्यात. पहाटे कढत पाणी — असं कढत की कोंबडी सोलून निघावी! — ते अंगावर घ्यायचं. साबण संपला की धुण्याचा सोडा. टाचांना खरबरीत वजरी, खसाखसा घासायची. मग तसंच टॉवेलनं खरखरून पुसायचं आणि शेताची वाट धरायची. तेलाची बाटली घरात होती, नाही असं नाही. पण ती आबाजींच्या डोक्याची आणि मिशीची! झालं काय, बाईंच्या हाताची कातडी झाली सुकल्या तळ्यासारखी, गालावरून पापुद्रे निघायला लागले, आणि डोळ्यांच्या कडेला, कपाळावर, ओठांभोवती बारीक बारीक रेषा. शाळेतल्या नकाशात नद्या दाखवतात ना — तशा. फक्त एकाही नदीला पाणी नाही!

मार्गशीर्षात शेजारच्या गावी भजनाची स्पर्धा होती. आबाजींच्या मंडळाचा पहिला नंबर आला. टाळ्या! फटाके! सूत्रसंचालन करत होते एक उत्साही मास्तर. असे मास्तर प्रत्येक गावात एक असतातच. हातात माइक आला की सुटले! म्हणाले, "असा वादक जन्माला घालणारी माउली आज आपल्यात बसली आहे! मी विनंती करतो, आबाजींच्या मातोश्रींनी मंचावर येऊन सत्कार स्वीकारावा!" आणि बोट कुणाकडे? पहिल्या रांगेत बसलेल्या सगुणाबाईंकडे!

हसताय? हसा. तिथंही हसले. पण क्षणभर त्या बाईच्या जागी बसून बघा. दोन बायका दंडाला धरून उठवतायत — "चला आजी, चला!" बाईंनी मंचावर नवऱ्याकडे पाहिलं. आता हा सांगेल. आता म्हणेल, अहो मास्तर, ही माझी बायको! आणि आबाजी काय करत होते? पखवाजाला खोळ घालत होते! गाठ बसत नव्हती हो!

बाई वर गेल्या. नारळ घेतला. खण घेतला. एका तरण्या पोरीनं वाकून नमस्कार केला, "आजी, आशीर्वाद द्या." बाई म्हणाल्या, "सुखी राहा."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी चेहऱ्याशी युद्ध मांडलं. कुणी म्हणालं मुलतानी माती — लावली. कुणी म्हणालं लिंबू — चोळलं. कुणी म्हणालं तुरटी — ती पण फिरवली. तोंड असं ओढलं गेलं की बाईंना घास चावता येईना. शेजारीण म्हणाली, "सगुणाबाई, रागावलाय का?" बाई दातातल्या दातात म्हणाल्या, "न्हाई वं, हसतेय मी!" आठव्या दिवशी गाल लालेलाल, आग आग, आणि रेषा होत्या त्याहून ठळक! अहो, कोरड्याला आणखी कोरडं केलं, दुसरं काय होणार?

मग बाईंनी शालनला जवळ घेतलं. म्हणाल्या, "पोरी, लग्नात पुढं तुझी चुलती उभी राहील. मी चुलीपाशी बसते."

"का गं आई?"

"नवऱ्याकडची मानसं ईचारतील, नवरीची आजी का म्हनून. तुला खाली बघायला नको."

शालन आईसारखीच हट्टी. म्हणाली, "मग मी पण चुलीपाशी बसते. एकटाच उभा राहू दे नवरदेव पाटावर!" आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. बाईंना रडताही नीट येईना. फुटलेल्या गालावरून खारं पाणी उतरलं की चरचरायचं.

आता ऐका. लग्नाच्या महिनाभर आधी पखवाज मढवायला लिंबाजीतात्या आले. सत्तरीचा म्हातारा. उभी हयात कातडं कमावण्यात आणि वाद्यं मढवण्यात गेलेली. ओसरीवर बसून त्यांनी नवं कातडं चढवलं, आणि आबाजी शेजारी बसून जपमाळ ओढल्यासारखे — "तात्या, जपून! तात्या, हळू! तात्या, उन्हात नको!"

सगुणाबाई चहा घेऊन आल्या. पदर तोंडावर. कप देताना हात दिसला. तात्यांनी कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वैनी, हात बघू."

"काय बघताय तात्या. करपलाय."

"करपला न्हाई. तहानलेला हाय." तात्यांनी तो हात उलटा केला, सुलटा केला. "पानी कढत घेता?"

"थंडी हाय की."

"सोडा लावता? वजरीनं घासता? वाळल्यावर कधी चुकून तेलाचं बोट फिरवता?"

बाई चकित. "तुमास्नी कसं कळलं?"

तात्या हसले. "पन्नास वर्षं कातड्यातच हात हायत माझे. कातडं वाळून खटखटीत झालं, मग वर डबाभर तेल वता — वरच्या वर घरंगळतं. ओलसर हाय तवर दोन थेंब लावा — पिऊन घेतं. तुमचं बी तसंच. पानी कोमट घ्या. सोडा बंद. अंग घासू नका, टिपा. आन ओल हाय तवरच खोबरेल लावा. बोटांना लागंल तेवढंच, जास्त न्हाई. उन्हात तोंडावर पदर घ्या. आन लिंबू आमटीत पिळा, तोंडावर न्हाई!"

बाईंनी हळूच विचारलं, "सुरकुत्या जातील?"

मंडळी, इथं एखादा भोंदू असता तर म्हणाला असता, हो हो, सात दिवसांत सोळा वर्षांच्या व्हाल! पण तात्या खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "पडलेली घडी मोडत न्हाई वैनी. वय हाय, ते दिसनारच. पर कोरडेपनानं ज्या रेघा आल्यात त्या भरतील, आन नव्या यायची घाई करायच्या न्हाईत." मग आबाजींकडे वळून म्हणाले, "आन आबा, ह्ये पखवाजाचं कातडं मेलेलं हाय. त्याला शाल घालतोस. घरात जितं कातडं हाय, त्याच्याकडं बघ की!"

आबाजी काय म्हणाले? तुम्ही सांगा! बरोब्बर! "देह म्हणजे मातीचं मडकं!"

दुसऱ्या दिवशी आबाजी देवळातून परत आले. टळटळीत दुपार. पाहतात तर अंगणात, भर उन्हात, उघडा, ना खोळ ना शाल — पखवाज! आणि शेजारी, डोक्यावरचा पदर काढून, उन्हाकडे तोंड करून सगुणाबाई बसलेल्या!

"अगं! अगं अगं! तडकंल की!" चप्पल एकीकडे, टोपी एकीकडे, आबाजी धावत सुटले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "थांबा. हात लावू नका. दोघं बसलोय उन्हात. म्हनलं बघू, आधी कोन तडकतंय."

"वेड लागलं का तुला? कालच मढवलाय! नवं कातडं हाय!"

"नाशिवंत हाय वं. मडकंच ते."

आबाजींनी हात जोडले. "सगुणा, पाया पडतो तुझ्या, उचलू दे. असं उन्हात टाकतं का कुनी?"

तेव्हा बाई बोलल्या. मोठ्यानं नाही हां, अगदी हळू. "चोवीस वर्षं मी ह्याच उन्हात हाय. ह्याच वाऱ्यात. माझ्यासाठी एकदा तरी आलात का असं अनवानी पळत?"

संपलं! आबाजी उभेच राहिले. एक हात पखवाजाकडे, एक हात बायकोकडे — संसारी माणूस! आणि मग आबाजींनी काय केलं माहितीय? आधी वाकून तिच्या डोक्यावर पदर ओढला. मग पखवाज उचलला. क्रम लक्षात घ्या मंडळी, क्रम! आणि म्हणाले, "त्या दिवशी मास्तर बोलला ते मी ऐकलं होतं. लोक हसतील म्हणून गप बसलो. खोळीची गाठ कवाच बसली होती."

हे कबूल करायला छाती लागते हो. मला विचारा, तुमच्यातल्या किती जणांची गाठ कवाच बसलेली असते आणि तुम्ही अजून खोळ घालत बसलेले असता!

त्या दिवसापासून आबाजींचं वैराग्य बदललं. सोड्याचा डबा माळ्यावर गेला, वजरी परसात गेली. पहाटे हंड्यात बोट बुडवून बघायचे — कढत नको, कोमट! बाई न्हाणीत गेल्या की दाराबाहेर तेलाची वाटी घेऊन उभे, आणि तिथून ओरडायचे, "टीप! घासू नकोस! ओल हाय तवरच लाव!" सगळ्या आळीला ऐकू जायचं! बाई आतून, "अवं, हळू बोला, लोक काय म्हनतील!" आणि तिन्हीसांजेला टाचांना तेल लावायला बसायचे तर बोटांना जुनी सवय — धा, धा, धुमकिट! बाई पाय ओढून घ्यायच्या. "अवं, टाच हाय ती! पखवाज न्हवं!"

तीन आठवडे गेले. पापुद्रे निघायचे थांबले. आग गेली. ओठांजवळच्या बारीक रेषा भरत आल्या. बाईंनी आरसा घेतला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "ह्या डोळ्याकडच्या दोन तशाच हायत."

आबाजी म्हणाले, "असू देत. त्या माझ्यामुळं आल्यात, मला दिसू देत."

माघ उजाडला. मुहूर्त आला. नवरीची आई कुठं होती? चुलीपाशी? नाही! पुढं, नवरीच्या पाठीशी, हिरवं लुगडं नेसून ताठ उभी! आणि पाठवणीच्या वेळी शालननं आईचा तळवा आपल्या गालावर धरला. किती तरी वेळ धरला. म्हणाली, "आई, लहानपणी तू तोंडावरून हात फिरवलास की मला टोचायचा. मी कधी बोलले नाही. आज मऊ लागला गं."

सगुणाबाई हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. तोंडावर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुरकुत्या एकदम उमटल्या — आणि बाईंनी पदर पुढं ओढला नाही.

तर मंडळी, देह नाशिवंत आहे का? आहे! म्हणूनच त्याला तेल लागतं! जे अमर आहे त्याला कोण तेल लावणार? जे झिजतं, जे तुमच्या आमच्यासाठी रोज झिजतं, त्याचीच निगा करायची असते. देवानं जितं कातडं दिलंय, ते काही तुम्ही विकत आणलेलं नाही. जाईपर्यंत नीट ठेवा, हीच त्याची पूजा.

बायांनो, उद्या पाणी कोमट घ्या. नवऱ्यानं येऊन ओरडायची वाट बघू नका!

आणि पुरुष मंडळी, आता नामाचा गजर होईल, तुम्ही पुढं याल, देवाच्या पायावर डोकं ठेवाल. ठेवा. मग घरी जा. ती भाकरी वाढायला वाकेल, तेव्हा ताटाकडे नको — एकदा, नुसतं एकदा, तिच्या पायांकडे बघा.