घरपट्टीवरचा पयला अंगठा

हसू नका राव, तुमीबी तेच केलं असतं! जुन्नरात मुन्शिपाल्टीनं दवंडी दिली, "घरपट्टीच्या सरकारी कायद्याला विरोध हाय, अर्जावर अंगठे द्यायला या!" मी जन्मभर कागद बनवले, पण वाचता येत न्हाई. अर्जबी माझ्याच कागदावर लिवलेला. पट्टीला विरोध म्हणल्यावर पयला अंगठा मीच उठवला. मग मुन्शिपाल्टीच्या कारकुनाला इचारलं, "सरकार पट्टी किती वाढवतंय?"

"वाढवत नाही. आम्ही वाढवू नये म्हणून मर्यादा घालतंय."

"आन विरोध कुणाचा?"

"मुन्शिपाल्टीचा. आता तुमचाही."

माझं डोकंच चालंना. म्हणलं, "भाऊ, अंगठा पुसा की!"

"पुसला असता," कारकून म्हणाला, "पण या कागदावरची शाई शंभर वर्षं जात नाही, असं सांगून तुम्हीच तो आम्हाला विकलाय."