हिराच्या वलांडीवरचा फौजी

“ताई, कैलासला झोप लागत नाही, जरा लक्ष ठेवा,” असं त्याच्या पलटणीतला मित्र फोनवर म्हणाला होता. प्रियदर्शिनीनं ते हसण्यावारी नेलं. भाऊ सीमेवरून धडधाकट परतला होता, आणखी काय हवं?

आज बोईसरच्या दवाखान्यात ती बाळाच्या लसीसाठी बसली होती. पुढच्या बाकावर शिरगावच्या दोन कोळणी बोलत होत्या.

“हिरा, तुजा फौजी पोरगा कसा हाय गं?”

“आता बरा हाय, सुगंधे. आला तवा फटाका वाजला तरी खाटेखाली शिरायचा. मी म्हनायची, लगीन ठरवलं म्हनून लपतो!”

“मंग?”

“मंग इचारायचंच सोडलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालताना शेजारी बसवला. जबड्यात जबडा अडकवून जोडी टांगायची, पन त्याच्या हातून जोड्या खालीच पडायच्या. निम्मे बोंबील कावल्यांनी नेले.”

“आनि तू गप रायलीस? तू?”

“रायली बाय! चवथ्या दिवशी आपनच बोलला. पलटनीतला जोडीदार सीमेवर शेजारीच गेला म्हनला. लई रडला. आता फौजेच्या डाक्टरकडं जातो. काल असा घोरला मेला, मलाच झोप नाय!”

प्रियदर्शिनीनं तिथूनच फोन लावला.

“कैलास, संध्याकाळी मेथी निवडायला ये.”

“मी? मेथी?”

“हो. नुसता शेजारी बस.”

“येतो. झोप लागत नाही गं, ताई.”

“ये तर खरा.”

तुमच्याही ओळखीत कोणी सीमेवरून धडधाकट परतलं असेल, तर आज जरा त्याच्या शेजारी जाऊन बसाल?