ओटीवर बसा, माजघरात नाही!

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न – दारात आलेल्या प्रत्येकाला आत घ्यावं का? थांबा, लगेच माना डोलवू नका! मंदाकाकूंनीही अशीच डोलावली होती.

गुहागरकडच्या या मंदाकाकू, निवृत्त मास्तरीणबाई. घरी कॉम्प्युटर. खंडेनवमीला त्याला झेंडू, हळदकुंकू – माउसलासुद्धा एक बोट! हसताय काय? तुमच्या मिक्सरला नाही लावत? आणि त्या कॉम्प्युटरात काय होतं? सासूबाईंच्या जात्यावरच्या चारशे ओव्या! सासूबाई गेल्या, वही वाळवीनं खाल्ली. उरल्या त्या तिथेच.

काकूंचा नेम – आल्यागेल्याला 'नाही' म्हणायचं नाही. स्क्रीनवर चौकट यायची, 'परवानगी देता?' काकू म्हणायच्या, "विचारतोय बिचारा!" – दाबलं 'हो'! दुसरी चौकट – 'हो'!

एका सकाळी ब्राउझर उघडला, तर जाहिरातींचा लोंढा! बातमी वाचायला जावं, तर समोर पत्त्यांचा जुगार! आणि मग लाल पडदा – 'व्हायरस! या नंबरवर ताबडतोब फोन करा!' काकूंनी केला. पलीकडचा गोड आवाजात म्हणतो, "मॅडम, 'हो' दाबा, मला तुमच्या कॉम्प्युटरात येऊ द्या."

बोट निघालं… आणि थांबलं. "तुम्ही कुठले? कुणाचे?" – तो चाचरला! काकूंनी फोन आपटला, इंटरनेटची वायर उपसली!

झोपाळ्यावरून त्यांचे यजमान अप्पा म्हणाले, "अगं, दुकानात दे. सगळं पुसून नवं करून देतील."

"पुसून? तुमच्या आईच्या ओव्या आहेत हो त्यात!" काकूंचे डोळे भरले. पण पदर खोचला. "मी बोलावलंय, मीच घालवीन!"

पुण्याची भाची केतकी फोनवर सांगू लागली. "मावशी, आधी ॲण्टिव्हायरसनं सगळं तपास." तपासलं – दोन सापडले, काढले. "आता ब्राउझरच्या सेटिंगमध्ये परवानग्या बघ." बघतात तर सव्वीस जण पंगतीला!

"यांना कुणी वाढलं गं?" अप्पांनी विचारलं.

"मीच!"

मग एकेकाला – काढून टाका! काढून टाका! ब्राउझरला चिकटलेली अनोळखी एक्स्टेन्शन तीन – तीही गेली! मधेच मशीन अडकलं, काकूंनी पुन्हा सुरू केलं. जेवणवेळ टळली. अप्पांनी खिचडी टाकली – मंडळी, लग्नानंतर पहिल्यांदा!

शेवटी फाईल उघडली. चारशेच्या चारशे ओव्या जागेवर! काकूंनी आधी पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली, मग पहिली ओवी मोठ्यानं म्हटली. अप्पांचा झोपाळा थांबला.

तेवढ्यात फोन! तोच गोड आवाज – "मॅडम, आत येऊ देता ना?"

काकू म्हणाल्या, "उन्हातून आलात तर ओटीवर बसा, गूळपाणी देईन. पण माजघरात? नाही!"

तर मंडळी, माजघर तुम्हालाही आहे – इथे, छातीच्या आत! राग आला – हो! मत्सर आला – ये, बस! शेजारणीची चुगली आली – तिला तर पाटच मांडला! मग ज्याला बोलावता, त्या पांडुरंगानं टेकायचं कुठं? आज घरी जा, ती यादी उघडा. एकेकाला विचारा – कोण तू? कुणाचा? आणि म्हणा काकूंसारखं, माझ्यामागून, मोठ्यानं –

नाही!

ऐकू आलं नाही, मंडळी. पुन्हा!