पांढऱ्या ढिगाऱ्याची झडती

ऐका. रंग्या, आधी ती विडी विझव, मग ऐक.

ही आपली लाईन, पत्र्याच्या खोल्यांची. पलीकडं सोन्याची खाण. मधी तो पांढऱ्या मातीचा ढिगारा. सोनं काढून घेतलेली माती ती, तिच्यावर गवतसुद्धा उगवत न्हाई. तिथनं एक वाट हाय. आता कुणी जात न्हाई त्या वाटेनं.

मल्हारी खाणीत कामाला. त्याची बायको हौसा अडली. अंधार पडल्यावर गडी निघाला, सुईण चंद्राक्काला आणायला. जाताना सडकेनं गेला. येताना घाई! धरली ढिगाऱ्याची वाट. कंदील ह्याच्या हातात, म्हातारी मागं.

अर्ध्या वाटंत आवाज आला. "थांब. झडती!"

आता बघा, खाणीतनं वर आलं की रोज झडती, सोनं दडवलंय का म्हणून. हात वर, तोंड उघड, केस झटक. अंगात भिनलेलं असतंय ते. मल्हारीनं इचारच केला न्हाई. कंदील खाली ठेवला आन् हात वर केले. तिथंच चुकला! वर गेलेले हात खाली येईनात!

पुढं खाकी कपडे, टोपी. आन् टोपीखाली? काय न्हाई! नुसता अंधार!

"तोंड उघड." उघडलं. गार बोटं आत शिरली. दात चाचपले, जिभंखाली चाचपलं, घशात उतरली. मल्हारीचा श्वास कोंडला.

"तुझ्यापाशी न्हाई," ते म्हणालं. "बायकोच्या पोटात दडवलंयस. चल, तिथं घेतो झडती."

अगं आई गं! चंद्राक्कानं मल्हारीचे हात खस्सकन खाली ओढले. दोघं पळाली. कंदील तिथंच. मागं बूट वाजत्यात, खाड खाड, खाड खाड. दार गाठलं तर ते पाठोपाठ उंबऱ्यापाशी! आन् आत हौसा कळा देतीय.

मल्हारी आत पळाला. चंद्राक्का मातर दारात आडवी उभी ऱ्हायली. "मुडद्या, झडती कुणाची घ्यायची? खाणीत उतरलेल्याची! ही उतरलीय? ते लेकरू उतरलंय? बोल की!"

ते उंबऱ्यावरनं एक पाऊल मागं सरलं. मग म्हणालं, "उतरंल तवा बघू."

आन् गेलं. आत लेकरू रडलं. पोरगा!

मल्हारीनं बारसंसुद्धा हितं केलं न्हाई. बायको-पोराला घेऊन लाईन सोडली ती सोडलीच.

आपण ऱ्हायलो. आपली पोरं हितंच जन्मत्यात आन् हितंच खाली उतरत्यात. रंग्या, उद्या तुझी खाणीतली पहिली पाळी. मला भ्या वाटतंय रं. वर आलास की सडकेनं घरी ये, त्या वाटेला जाऊ नगंस. आन् अंधारात कुणी थांबवलंच, तर हात खिशात ठेव, बाबा. वर करू नगंस.